अकरा पंचवीसची भरती

गेल्या वर्षी पितृपंधरवड्यातल्या द्वितीयेला, सकाळी अकरा वाजून चार मिनिटांनी मला कळलं, की मी माझ्या आईला नेमक्या चुकीच्या वेळी नदीवर पाठवलं आहे. बान, म्हणजे समुद्राकडून नदीत उलटी चढत येणारी भरतीची लाट, अकरा पंचवीसला येणार होती आणि आई तेव्हा पायऱ्या उतरून पाण्यात उभी असणार होती. तिनं ही वेळ पंचांगात पाहिली नव्हती की कुणा भटजींना विचारली नव्हती. वेळ मी दिली होती, मी स्वतः बनवलेल्या मोबाइलच्या पानावरून वाचून, आणि वर ऐटीत म्हटलं होतं, "घड्याळ लावून जा."

त्याला आता वर्ष होत आलं. या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी 'तुमच्या कामातले गमतीदार अनुभव लिहा' असं कळवलं होतं. गमतीदार म्हणावेत असे दोन आहेत, ते सांगते. पण तिसरा लिहिला नाही तर हे दोन लिहायचा मला काही अधिकार नाही, असं वाटतं.

आधी काम सांगायला हवं, कारण ते अजून आमच्या नातेवाइकांपैकी कुणालाही नीट कळलेलं नाही. मोबाइलवर तक्ते वाचता यावेत, हे बघणं माझं काम. बस्स, एवढंच. तक्ता हा मुळात आडवा प्राणी. परीक्षेचा निकाल, दवाखान्याच्या वेळा, गाड्यांचं वेळापत्रक, सगळं कागदावर ऐसपैस पसरून बसतं. मोबाइल उभा आणि तळहाताएवढा. मग आडव्याला उभ्यात बसवायचं कसं? एक तर सगळा तक्ता लहान करायचा, म्हणजे वाचणाऱ्यानं डोळे फोडून घ्यायचे. नाहीतर तो बोटानं बाजूला सरकू द्यायचा. किंवा प्रत्येक ओळीचं एक कार्ड करायचं, एकाखाली एक. आणि चौथी युक्ती म्हणजे काही रकाने मोबाइलवर चक्क लपवून टाकायचे. या चारही युक्त्या मी केल्या आहेत आणि चारहींनी मला कधी ना कधी तोंडावर पाडलं आहे.

नवऱ्याच्या बँकेनं बदली करून आम्हाला कोलकात्याला आणलं आणि पुढे त्याला एकट्याला गुवाहाटीला नेलं. मी इथंच राहिले, बागबाजारला, भाड्याच्या दोन खोल्यांत. खालच्या मजल्यावर माशिमा राहतात. माशिमा म्हणजे मावशी. इथं वयानं मोठ्या बाईला सगळे तसंच म्हणतात. निवृत्त शिक्षिका, भूगोल शिकवायच्या. मराठ्यांना अडवायला पूर्वी शहराभोवती खंदक खणला, तो आमच्या बागबाजारपासूनच. त्यामुळे माशिमांनी पहिल्याच दिवशी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हिंदीत म्हणाल्या, "खंदक खणला तरी आलातच का तुम्ही?" तेव्हापासून मी त्यांची 'बर्गी', म्हणजे मराठी लुटारू. फार लाडात आल्या तर बउमा, सूनबाई.

ऑफिस बालीगंजला, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. आम्ही सातजण. मालक दीपंकरदा माझ्याहून चार वर्षांनी मोठे, शांत गृहस्थ. गिऱ्हाइकानं काहीही मागितलं तरी "होबे, होबे", होईल होईल, म्हणतात आणि मग माझ्याकडे बघतात.

पहिला धक्का मला एका बापानं दिला. आम्ही एका खासगी शिकवणीच्या निकालाचं पान केलं होतं. बाजूला सरकणारा तक्ता; डावीकडे मुलांची नावं, मग एकेक विषय. मला तो फार देखणा वाटला होता. एके दिवशी सियालदहच्या घाऊक बाजारात भाजीचा व्यापार करणारे एक गृहस्थ ऑफिसात आले. शिकवणीवाल्यांनी त्यांना आमच्याकडे पिटाळलं होतं. भांडायला आले असतील म्हणून दीपंकरदा आधीच चहा सांगून मोकळे झाले. पण ते भांडले नाहीत. खिशातून फोन काढला, काच तडकलेला, आणि म्हणाले, "दीदी, एक बात समझा दीजिए."

त्यांनी अंगठ्यानं तक्ता गणितापर्यंत सरकवला. सरकवल्यावर नावांचा रकाना डावीकडून बाहेर गेला. पडद्यावर नुसते आकडे उरले. त्यांनी एका आकड्यावर बोट ठेवलं. "ये किसका नंबर है?"

मलाही सांगता येईना. माझं पान, मी बनवलेलं, आणि समोरचे मार्क कुणाचे ते मलाच कळत नव्हतं. त्यांनी मुलीचे म्हणून वाचलेले मार्क तिच्या वरच्या ओळीतल्या मुलाचे होते. ते वाचून त्यांनी आख्ख्या बाजाराला संदेश, म्हणजे इथले पेढेच, वाटले होते. मुलगी घरी रडत बसली होती, कारण तिला खरे मार्क माहीत होते आणि बापाला सांगायची हिंमत होत नव्हती.

"मिठाई तो वापस नहीं माँग सकते ना," ते म्हणाले आणि चहा पिऊन गेले. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून मी दोन गोष्टी केल्या. एक, सरकणाऱ्या तक्त्यात पहिला रकाना जागेवर खिळवून ठेवायला लागले, बाकीचं काय सरकायचं ते सरको. दुसरी, कुठलंही पान गिऱ्हाइकाला देण्याआधी मी ते फोनवर घेऊन सियालदह स्टेशनबाहेर जाऊन उभी राहायला लागले. उपनगरांतून गाड्या येतात, माणसांचे लोंढे बाहेर पडतात. त्यातल्या कुणाला तरी थांबवायचं आणि म्हणायचं, यातलं अमुक वाचून दाखवता का. बहुतेकांना मी विमा विकणारी वाटायचे. पण जे थांबायचे त्यांनी मला जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. ऊन आलं की बायका पदर धरून त्याच्या सावलीत फोन वाचतात. पुरुष लांब धरून वाचतात, कारण चष्मा खिशात असतो आणि काढायचा कंटाळा. आयाचं काम करणारी एक बाई दवाखान्याचा तक्ता माझ्यासमोर घडाघडा वाचून गेली आणि त्याच तक्त्यावर आमचे पदवीधर गिऱ्हाईक अडखळले होते. लोक माझ्या पानावर विश्वास ठेवतात किती, हे मात्र तिथं उभी राहूनही माझ्या लक्षात आलं नाही.

दुसरा किस्सा रक्त तपासणाऱ्या एका केंद्राचा. मालक डॉक्टर, हौशी. त्यांना मोबाइलवर 'गर्दी' नको होती. तपासणीचं नाव, वेळ आणि किंमत एवढंच दिसावं, बाकी रकाने लपवा म्हणाले. मी एकदा कुरकुरले, मग लपवले. लपवलेल्यांत 'उपाशीपोटी यावे की नाही' हा रकाना होता. पुढचे काही दिवस माणसं सकाळी लुची-आलूरदम चापून रक्त द्यायला येत राहिली आणि परत जात राहिली. डॉक्टरांनी मला फोन करून विचारलं, "या शहरात एकाएकी सगळ्यांना झालंय काय?" मी रकाना परत आणला आणि वर ठळक लिहिलं. हसलो आम्ही दोघं. खरं तर हसण्यासारखं नव्हतं. म्हातारी माणसं दोनदोन खेपा घालत होती.

तर अशी मी, दोनदा पोळलेली. आता तिसरा.

घाटांची देखभाल करणारी एक लहानशी संस्था आहे. तिथले सामंतबाबू आमच्याकडे आले, नावावरून मला क्षणभर कोकणातलेच वाटले. त्यांना घाटांवर आंघोळीला येणाऱ्या लोकांसाठी बानचा तक्ता मोबाइलवर हवा होता. इथली गंगा समुद्राच्या भरतीबरोबर चढते-उतरते. एरवी सावकाश. पण पौर्णिमा-अमावस्या उलटल्यावर एकदोन दिवस पाणी असं चढतं, की सुरुवातीलाच एक लाट भिंतीसारखी वर धावत येते. घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर कोणी असेल तर ते असेल तिथे राहत नाही. मग पाणी चढत जातं आणि तीनेक तासांनी भरती पूर्ण होते.

सामंतबाबूंचा तक्ता, तो ते स्वतःच भरायचे, फक्त बान येणाऱ्या दिवसांचा होता. चार रकाने: तारीख, भरतीची वेळ, बानची वेळ, पाण्याची उंची. मी प्रत्येक दिवसाचं एक कार्ड केलं. आता इथं एक बारीक गोष्ट समजून घ्यावी लागेल. मॉनिटरवर तक्त्याचं शीर्षक रकान्याच्या डोक्यावर असतं आणि रकान्याबरोबर हलतं. मोबाइलवर कार्ड केलं की ती शीर्षकाची ओळ जाते. मग प्रत्येक आकड्यापुढे त्याचं नाव लिहावं लागतं. ही नावं रकान्याच्या शीर्षकावरून आपोआप उचलायची, ही झाली नीट रीत. दुसरी रीत आळशी: मोजून लिहून टाकायचं, दुसऱ्या आकड्यापुढे 'भरती', तिसऱ्यापुढे 'बान'. पंगतीत पाटांपुढे नावं लिहून ठेवावीत तसं. लोक पाट बदलून बसले तर नाव एकाचं आणि माणूस दुसरा.

मी आळशी रीत वापरली. चार तर रकाने, कोण हलवतंय, असं म्हटलं. नवीन माणसांना मी हे करू नका म्हणून बजावते.

पान दोन वर्षं बिनतक्रार चाललं. मग गेल्या भाद्रपदात सामंतबाबूंनी मेल पाठवली. 'बान हा सगळ्यांत महत्त्वाचा रकाना, तो मागे कशाला? लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे. मी तो पुढे, तारखेला लागूनच घेतला आहे. पाहून कळवा.' मी मॉनिटरवर पाहिलं. सुंदर दिसत होतं, बान पुढे, भरती मागे, शीर्षकं जागच्या जागी. मी उत्तर पाठवलं, 'उत्तम केलंत.' फोन टेबलावर, हाताशी पडला होता. उचलला नाही. सियालदहला जाऊन अनोळखी लोकांना फोन दाखवणारी मी, त्या दिवशी स्वतःचा फोन उचलला नाही.

त्याच आठवड्यात आई मिरजेहून आली. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती आणि त्यांच्या तिथीला, द्वितीयेला, गंगेत आंघोळ करायची एवढं एकच तिनं माझ्याकडे कधी मागितलं होतं. ऑफिसात नवीन गिऱ्हाईक येणार होतं, मला रजा मिळण्यासारखी नव्हती. माशिमा म्हणाल्या, मी नेते तिला, मी रोजच जाते. आदल्या संध्याकाळी मी आईला फोनवर माझं पान उघडून दाखवलं.

"हे बघ. उद्याचं कार्ड. भरती अकरा पंचवीस. भरतीला पाणी वरच्या पायऱ्यांपर्यंत येतं, खाली चिखलात उतरावं लागत नाही. बान दोन वीसला. तोवर तुम्ही घरी येऊन जेवलेल्या असाल."

आईनं चष्मा लावून ते कार्ड दोनदा वाचलं. "हे तू केलंस?"

"हो."

"म्हणजे नदीचं वेळापत्रक तू करतेस." तिला पहिल्यांदा माझं काम कळलं होतं. तिनं लगेच मिरजेला मामाला फोन लावून सांगितलं. मी समोर बसून ऐकत होते आणि मला खूप छान वाटत होतं, हे लिहायची लाज वाटते, पण वाटत होतं.

बान आधी येतो आणि मग भरती पूर्ण होते. लाटेनंतर पाणी चढतं, चढून झाल्यावर लाट येत नाही. नदीकाठच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. त्या कार्डावर भरती आधी होती आणि बान तीन तासांनी. मी ते मोठ्यांदा वाचून दाखवलं आणि मला काही खटकलं नाही. इतकी वर्षं मी तक्ते दिसतात कसे ते बघत आले. ते म्हणतात काय ते मी वाचतच नव्हते.

दुसऱ्या दिवशी नवीन गिऱ्हाईक आलं. दीपंकरदांनी आमची जुनी कामं दाखवायला भिंतीवरचा मोठा पडदा लावला. एकेक करत ते नदीच्या पानावर आले. "हे आमच्या दीदीचं काम," ते म्हणाले आणि त्या दिवसाच्या ओळीवर माउसचा बाण नेला. मी कौतुक करून घ्यायला वर पाहिलं. बान, अकरा पंचवीस.

मला वाटलं मी ओळ चुकले. फोन काढला. फोनवर भरती अकरा पंचवीस, बान दोन वीस. भिंतीवर बान अकरा पंचवीस. पुन्हा फोन, पुन्हा भिंत. कोपऱ्यात घड्याळ, अकरा चार. मी उभी राहिले. गिऱ्हाईक माझ्याकडे बघत होतं. दीपंकरदा म्हणाले, "की होलो?" काय झालं?

"आई घाटावर आहे," मी मराठीत म्हणाले. मग हिंदीत सांगितलं.

आईला फोन लावला. वाजत राहिला. माशिमांचा वाजत राहिला. आंघोळीला जाताना फोन कोण नेतं? दोन्ही फोन आमच्या घरात, एक खाली आणि एक वर, वाजत होते. दीपंकरदांनी पोलीस ठाण्याला लावला. मी दाराकडे निघाले आणि दारातून परत आले.

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बालीगंजहून बागबाजार वीस मिनिटांत कुणालाही गाठता येत नाही, हे खरं. पण मी त्याचा हिशोब करून परतले नाही. माझ्या डोक्यात आलं, की आईसारखं आणखी कोणी या क्षणी हेच कार्ड वाचत असेल. दीपंकरदा म्हणाले, "तू जा, मी करतो." मी म्हटलं, "तुम्हाला सापडणार नाही." खुर्चीत बसले, ते दोन शब्द शोधले आणि त्यांच्या जागा बदलल्या. एक शब्द तीनदा चुकला. मग फोनवर पान उघडून पाहिलं, बरोबर आलं का. अकरा आठ झाले होते. चार मिनिटं मी माझ्या आईला सोडून तक्त्याला दिली.

ऑटोनं कालीघाट, तिथून मेट्रो. जमिनीखाली गेल्यावर फोनची रेंज गेली आणि उरलं फक्त घड्याळ. अकरा पंचवीस झाले तेव्हा गाडी दोन स्टेशनांच्या मधे होती. समोर एक बाई लोकर विणत बसली होती. मी तिच्या सुयांकडे बघत राहिले. अकरा सव्वीस झाले. काही बदललं नाही, बाई विणतच होती. मला ते सगळ्यांत भयंकर वाटलं, की जे व्हायचं ते झालेलं आहे आणि मला माहीत नाही.

शोभाबाजारला उतरून रिक्षा केली, मग रिक्षाही सोडून धावले. घाटावर पोचले तेव्हा पाणी बरंच वर चढलं होतं. नदी उलटी वाहत होती, जलपर्णीचे पुंजके उत्तरेकडे चालले होते. पायऱ्यांवर कोणाची तरी एक चप्पल अडकून हलत होती. ती आईची होती.

आई त्याहून दहाबारा पायऱ्या वर बसली होती. कमरेपर्यंत भिजलेली, केस सुटलेले. शेजारी माशिमा, डावं मनगट उजव्या हातात धरून, चेहरा पांढराफटक. मी बोलायच्या आत आईच म्हणाली, "अगं, तू ऑफिस सोडून कशाला आलीस?"

मला रडू आलं. मी तिथंच बसून रडले.

झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. दोघी सव्वाअकराला पोचल्या. माशिमांनी पाण्याकडे पाहिलं तर नदी पार खाली गेलेली, चिखल उघडा, आणि नावाडी आपल्या नावा सोडून मधल्या धारेत नेत होते. बान येणार असला की नावा काठाला ठेवत नाहीत, नाहीतर काठावर आपटून फुटतात. माशिमा म्हणाल्या, "ऐखोन नामबे ना." आता उतरायचं नाही. आईला बंगाली येत नाही, पण हातवारे कळले. तिनं मिरजेच्या हिंदीत सांगितलं, "मेरी लडकी ने टाइम दिया है. अकरा पच्चीस. वो खुद बनाती है." माशिमा म्हणाल्या, "दीदी, नदी को देखो." आई म्हणाली, नदी पाहून काय कळणार मला, मला लेकीनं सांगितलंय. आणि तांब्या घेऊन पायऱ्या उतरायला लागली.

माशिमांचं वय शहात्तर. त्या मागून उतरल्या, आईचा पदर मुठीत धरला आणि दुसऱ्या हातानं कठड्याची साखळी. आईला वाटलं ही बाई भलतीच हट्टी आहे. दोघी पायऱ्यांवर ओढाताण करत होत्या तेवढ्यात नदीच्या बाजूनं नावाडी ओरडायला लागले. लाट आली ती खालच्या सगळ्या पायऱ्या गिळून वर आली. तांब्या गेला, फुलांचं ताट गेलं, चपला गेल्या. आईचे पाय सुटले. माशिमांनी पदर सोडला नाही आणि साखळीही सोडली नाही, त्यात मनगट मोडलं. पाणी थोडं मागे सरलं तशी माणसं धावली आणि दोघींना वर घेतलं. ठाण्यातून निघालेला हवालदार पोचला तोवर हे सगळं होऊन गेलं होतं.

"पाणीच लवकर आलं गं," आई मला समजावत होती. "तुझी वेळ बरोबर होती. नदीचं काय, ती थोडीच घड्याळ बघून येते. बाकी आंघोळ झाली हो. मी उतरायच्या आधी तीच वर आली."

माशिमांनी माझ्याकडे पाहिलं. "बर्गी, तुझ्या फोनवर काय लिहिलं होतं?"

मी फोन पुढे केला. आता त्यावर बान अकरा पंचवीस होतं, मीच दुरुस्त केलेलं. त्यांनी ते वाचलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. भूगोलाच्या शिक्षिका त्या. त्यांना सगळं समजलं.

माशिमांच्या हाताचा एक्स-रे काढायला नेलं तेव्हा, आई बाहेर बाकावर असताना, त्या मला हळूच म्हणाल्या, "आज तिला काही सांगू नकोस. तिच्या नवऱ्याची तिथी आहे." सहा आठवडे त्यांचा हात प्लास्टरमध्ये होता. त्यांची वेणी मी घालायचे, रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी. एकदाही त्यांनी तो विषय काढला नाही. फक्त बर्गी म्हणायच्या थांबल्या आणि बउमा म्हणायला लागल्या. ते जपून बोलणं होतं, मला त्याचा फार त्रास झाला.

सामंतबाबूंना मी सगळं लिहून कळवलं. रकाना त्यांनी हलवला तो योग्यच होता, चूक पूर्णपणे माझी, हेही लिहिलं. त्या दोन-तीन दिवसांत दुसऱ्या कुणाला काही झाल्याचं त्यांना कळलं नव्हतं. पण कुणी तक्रारही केली नव्हती. एवढ्या लोकांनी ते उलटं कार्ड पाहिलं असेल आणि एकानंही फोन करून विचारलं नाही, की अहो, हे असं कसं? काठावरची जुनी माणसं नदी बघतात, पान बघत नाहीत. आणि आमच्यासारखी बाहेरून आलेली पानालाही उलट प्रश्न विचारायचा असतो हेच विसरली आहेत. ते कळल्यावर मी आमच्या ऑफिसातला जुना-नवा प्रत्येक तक्ता उघडला. मोजून लिहिलेली नावं आणखी तीन पानांत सापडली. तिन्ही माझी.

आता नावं शीर्षकावरूनच उचलली जातात. प्रत्येक पान आधी फोनवर बघितलं जातं आणि वाचून त्याचा अर्थ लागतो का, हे दुसऱ्या माणसाकडून तपासून घेतलं जातं. नदीचं पान माशिमा तपासतात, पौर्णिमा-अमावस्येच्या आधी, चष्मा लावून, काटेकोरपणे. गेल्या महिन्यात पुन्हा मला बर्गी म्हणाल्या.

आई मिरजेला परत गेली आणि तिनं ती गोष्ट सगळ्यांना सांगितली. मामाला, शेजाऱ्यांना, भिशीच्या बायकांना. तिच्या गोष्टीत नदी अवचित लवकर येते, बंगाली बाई देवासारखी धावते आणि लेकीचं वेळापत्रक मात्र अगदी अचूक असतं. फोनवर मी दोनदा तोंड उघडलं. एकदा ती म्हणाली, "तुझी चूक कशी असेल, तू तर लहानपणापासून इतकी नेटकी." दुसऱ्यांदा तिनं विषयच बदलला.

आई दिवाळी अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, जाहिरातींसकट. हा अंक तिला मी स्वतः पोस्टानं पाठवणार आहे. तिच्यासमोर बसून मला हे जमलं नाही, म्हणून इथं लिहिते. आई, मी निघायला चार मिनिटं उशीर केला. आणि त्या दिवशी नदी लवकर आली नव्हती. ती वेळेवरच आली होती.